अशुद्धीचा पत्ता

पहाटे ४.३०

आज षष्ठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे सहाची साडेचार. बाबांना त्यासाठी पंचांग लागत नाही, मोबाईलही नाही. आमच्या दिवाळे गावच्या धक्क्याला पाणी टेकून थांबलं की ते होडी सोडतात आणि ओहोटीबरोबर पनवेलच्या खाडीतून बाहेर पडतात. दुपारी पाणी चढू लागलं की भरतीबरोबर परत.

मीही त्यांच्या चहालाच उठते. रात्री लावलेली गणितं साधारण याच सुमारास संपतात. माळ्यावर जाळ्यांच्या गठ्ठ्याशेजारी माझं टेबल आहे, त्यावर लॅपटॉप आणि वहीचा ढीग. काम टोकामॅकमधल्या अशुद्धीचं. टोकामॅक म्हणजे अतितप्त प्लाझ्मा चुंबकी क्षेत्राच्या जोरावर, भिंतीला टेकू न देता, कड्याच्या आकारात कोंडून ठेवणारं यंत्र. त्यात हवा असतो फक्त हायड्रोजनच्या कुळातला वायू. बाकी जे शिरतं ती अशुद्धी. त्यात भिंतीतून सुटलेला कार्बन असतो, पात्रात चिकटून राहिलेल्या पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन असतो, लोखंड असतं, टंगस्टन असतं. हे अणू आत कसे सरकतात ते त्यांच्या प्रकाशावरून ओळखणारी आज्ञावली मी लिहिते. यंत्रं आहेत गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत. मी दिवाळ्यात बसून फायलींवर काम करते.

सकाळी ६.००

प्लाझ्माच्या एका प्रयोगाला आमच्यात शॉट म्हणतात. आज पडद्यावर असलेला शॉट कुठल्याच यंत्रात झालेला नाही, तो मी बनवलेला आहे. मापं ‘आदित्य’सारखी घेतली. १९८९ मध्ये सुरू झालेला आपला पहिला स्वदेशी टोकामॅक तो, २०१६ मध्ये नव्याने उभारून ‘आदित्य-यू’ झाला. कड्याची मोठी त्रिज्या ७५ सेंमी, प्लाझ्माच्या नळीची त्रिज्या २५ सेंमी. या कागदी प्लाझ्मात कडेने आर्गॉनची फुंकर सोडली, तो कसा सरकेल ते मीच ठरवलं, त्यावरून उपकरणाला दिसेल तो प्रकाश काढला आणि वरून थोडा गोंगाट मिसळला. आता आज्ञावलीला फक्त प्रकाश द्यायचा आणि विचारायचं, आर्गॉन कसा सरकला? उत्तर मला ठाऊक आहे, तिला नाही. खऱ्या शॉटला हात लावण्याआधी ही परीक्षा पास व्हावीच लागते.

उत्तर दोन आकड्यांचं. पहिला डी, म्हणजे विसरण. दाटी जास्त तिथून कमी तिथे कण किती चटकन पसरतात ते तो सांगतो. दुसरा व्ही. दाटीत फरक असो वा नसो, कण एका दिशेने वाहून नेणारा वेग. व्ही उणे आला की ओढ आतल्या बाजूला. अशुद्धीचं सगळं नशीब या दोघांच्या भांडणावर ठरतं.

रात्रीचा निकाल बघितला. आज्ञावलीने एक उत्तर दिलं नाही, रांगच दिली. डी १ चौरस मीटर प्रतिसेकंद आणि आतली ओढ १ मीटर प्रतिसेकंद, हे जुळतं. डी ४ आणि ओढ ४, तेही तितकंच जुळतं. मधलेही सगळे चालतात. आलेखावर ठिपक्यांची लांब तिरकी पट्टी उमटली आहे.

सकाळी ७.३०

आयेबरोबर तांदळाची भाकरी आणि कालची उरलेली कोळंबी. ती बाजाराची पाटी धुऊन ठेवते, मी भांडी घासते.

सकाळी ९.३०

प्रकाश वाचायचं काम. अणू तापला की एकेक इलेक्ट्रॉन गमावून आयन होतो आणि प्रत्येक पायरीला त्याच्या प्रकाशाच्या रेषा बदलतात. चार इलेक्ट्रॉन गेलेला ऑक्सिजन ६५० नॅनोमीटरच्या आसपास एक लाल रेषा देतो. त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ११४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, त्यामुळे लाखो अंशांच्या मध्यभागात हा आयन फार टिकत नाही आणि ती रेषा मुख्यतः कडेच्या पट्ट्यातून येते. ‘आदित्य’वर याच रेषेवरून ऑक्सिजनची वाटचाल काढली गेली, तो निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या टेबलावर त्याची प्रत खुणांनी भरलेली आहे.

अडचण अशी की उपकरण एका बिंदूकडे पाहत नाही. काचेच्या खिडकीतून ते एका सरळ रेषेत पाहतं आणि त्या रेषेवर जेवढा प्रकाश असेल त्याची बेरीज देतं. कडेचा पट्टा त्यात दोनदा येतो, अलीकडचा आणि पलीकडचा. अशा वेगवेगळ्या उंचीवरच्या बेरजा घेऊन कुठल्या त्रिज्येवर किती प्रकाश, हे उलट्या हिशोबाने काढायचं. मग त्या त्रिज्येवरचं तापमान आणि घनता धरून तिथे किती आयन असतील ते काढायचं. त्यानंतर कुठे डी आणि व्हीचा प्रश्न येतो. कुठल्याही पायरीवरची चूक पुढच्या पायरीला वारसा म्हणून मिळते. म्हणून सकाळचे दोन तास फक्त उलट्या हिशोबाला.

सकाळी ११.००

ऑनलाइन बैठक. कुणी गुजरातहून, कुणी कोलकात्याहून, हिंदी आणि इंग्रजीची सरमिसळ. भाषा कुठलीही असो, आमची चर्चा फिरून भिंतीवर येते, कारण अशुद्धीचं माहेर तिथे आहे.

भिंतीचा इतिहास हेलकावे खाणारा. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या पीएलटी यंत्रात प्लाझ्माची कड रोखायला टंगस्टन वापरलं. ३४२२ अंशांपर्यंत न वितळणारा धातू, निवड चुकीची वाटण्यासारखी नव्हती. पण टंगस्टन प्लाझ्माच्या गाभ्यात जाऊन बसलं आणि मध्यभाग भोवतालच्या भागापेक्षा थंड पडला. तापमानाचा आलेख मधोमध खचला. मग कार्बन आला. कार्बनला सहाच इलेक्ट्रॉन, ते गाभ्यात सगळे निघून जातात, आणि नागड्या आयनाकडे रेषा द्यायला काही उरत नाही. तो थोडीच ऊर्जा वाया घालवतो. टंगस्टनचे ७४, आणि १५ कोटी अंशांतही त्यातले काही चिकटून राहतात व अखंड ऊर्जा बाहेर फेकत राहतात. भविष्यातल्या अणुमीलन भट्टीत, म्हणजे हलके अणू एक करून ऊर्जा काढणाऱ्या टोकामॅकमध्ये, दर दहा हजार कणांमागे एक टंगस्टनचा कण झाला तरी भट्टी पेटणं अशक्य होत जातं.

तरीही जग टंगस्टनकडे परतलं. कार्बन झिजतो, आणि झिजलेला कार्बन इंधनातल्या ट्रिटियमला धरून भिंतीवर बसतो. ट्रिटियम किरणोत्सारी आणि दुर्मिळ, ते असं भिंतीत अडकून चालत नाही. जर्मनीतल्या आस्डेक्स अपग्रेडने २००७ पर्यंत सगळी आतली भिंत टंगस्टनची केली. इंग्लंडच्या जेट यंत्राने २०११ मध्ये कार्बन काढून बेरिलियम आणि टंगस्टन बसवलं. फ्रान्समधल्या इटरमध्ये मुख्य भिंत बेरिलियमची ठरली होती, आता तीही टंगस्टनची करायचं ठरलं आहे.

बैठकीत एका सरांनी विचारलं, ‘‘ऑक्सिजन अजून कमी करता येईल?’’ येतो. पात्र भाजून काढतात, शॉटच्या आधी सौम्य विद्युतविसर्गाने भिंत धुतात, लिथियमचा थर देतात. पण शून्य होत नाही. ज्या खोलीला भिंत आहे त्या खोलीत भिंतीचे अणू येणारच. म्हणून ‘किती आत आलं’ एवढ्यावर प्रश्न संपत नाही. आलेलं कुठे जाऊन राहिलं, हे विचारावं लागतं.

दुपारी १.००

बाबा परत. डोलीच्या जाळ्यात बोय, थोडी कोळंबी, दोन-तीन चिंबोऱ्या. जिताडा नाही. धक्क्यावर उभं राहून जाळं झटकताना ते नेहमीची तक्रार करतात, ‘‘पानी येतंय नि जातंय. गाल मातर हितंच बसतंय.’’

ही तक्रार माझ्या कामाची आहे. भरतीचा जोर चिखल आत ढकलतो, ओहोटी तो बाहेर ओढते आणि दोघांच्या फरकातून थर बसतो. पण नुसता थर बघून पाण्याचा जोर कळत नाही. भरती-ओहोटी दोन्ही जोरकस असल्या तरी तोच थर, दोन्ही मंद असल्या तरी तोच. माझ्या तिरक्या पट्टीचं दुखणं हेच. आर्गॉन स्थिरावला की आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रवाह सारखा होतो. तेव्हा प्रकाशातून कळतं ते फक्त व्ही आणि डीचं गुणोत्तर. उणे १ भागिले १ काय, उणे ४ भागिले ४ काय.

बाबांना एवढंच सांगितलं की थर दिसतो, वेग दिसत नाही. ते म्हणाले, ‘‘बाय, गालाकडं काय बगतंस? पान्यात कायतरी सोड नि घड्याल लाव.’’

प्रयोगशाळांनी हेच केलं आहे. काचेच्या पट्टीवर धातूचा पातळ थर द्यायचा, मागून लेसरचा एक झटका मारायचा. धातूचे अणू एका क्षणात प्लाझ्मात घुसतात आणि मग ते किती वेळात गाभ्यात पोचतात, किती वेळात नाहीसे होतात ते मोजायचं. ही पद्धत १९७० च्या दशकापासून आहे. आर्गॉनची फुंकर हा तिचा सोपा प्रकार, फक्त आर्गॉन भिंतीला चिकटत नाही, पुन्हा पुन्हा परत येतो, त्यामुळे त्याच्या ओसरण्यावर भरवसा ठेवता येत नाही. चढताना मात्र तो खरं बोलतो.

दुपारी २.३०

जेवण झाल्यावर डोकं जड, म्हणून या वेळेला वाचन. प्रश्न असा की ही आतली ओढ येते कुठून?

एक उगम आयनांच्या टकरीत आहे. वक्र चुंबकी क्षेत्रात आयन एकमेकांवर आदळत हळूहळू सरकतात, त्याला निओक्लासिकल वाहतूक म्हणतात. इंधनाची घनता मध्यभागाकडे वाढत गेली की हे आदळणं जड आयनांना आत ओढतं, आणि आयनाचा विद्युतभार जितका जास्त तितकी ओढ जास्त. टंगस्टनला म्हणून ती सर्वाधिक बाधते. पण तापमानही मध्यभागाकडे वाढतं, आणि तापमानाचा चढ सहसा त्याच आयनांना बाहेर ढकलतो. घनता सपाट आणि तापमान उंच, असा प्लाझ्मा अशुद्धीला दाराबाहेर ठेवतो. घनता टोकदार झाली की दार आतून उघडतं.

दुसरा उगम खळबळीत. प्लाझ्मा शांत नसतोच. त्यात सतत लहान भोवरे उठतात आणि ते कणांना ढवळतात. टकरींचा डी बऱ्याचदा या खळबळीच्या डीच्या दहाव्या-शंभराव्या भागाइतकाच असतो. खळबळ इंधनाची उष्णता बाहेर घालवते म्हणून तिला सगळे नावं ठेवतात. पण तीच अशुद्धीला एका जागी साचू देत नाही.

इथे या विषयाचा खरा पेच आहे. इंधन चांगलं कोंडायचं म्हणून खळबळ दाबली, कडेला बंदिस्ती उभी केली, की अशुद्धीही तितकीच चांगली कोंडली जाते. यंत्र जितकं सरस, तितकी घाण आत अडकायची भीती जास्त. उपाय म्हणून गाभ्यातले इलेक्ट्रॉन सूक्ष्मलहरींनी तापवतात, म्हणजे मध्यभागी थोडी खळबळ राहते आणि टंगस्टन जमत नाही. कडेला मधूनमधून होणारे उद्रेकही अशुद्धी बाहेर फेकतात, पण ते मोठे झाले तर भिंतीलाच भाजून नवी अशुद्धी सोडतात.

दुपारी ४.००

आता दिवसाचं मुख्य काम. बाबांचं घड्याळ लावायचं.

२५ सेंटिमीटरच्या नळीत डी १ असेल तर कण कडेपासून गाभ्यापर्यंत पसरायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. डी ४ असेल तर अडीच-तीन. रात्रीच्या शॉटमध्ये मी मंद कॅमेरा धरला होता, दर चित्राला २० मिलिसेकंद. पहिलं चित्र पुरं व्हायच्या आतच दोन्ही आर्गॉन पोचून स्थिरावतात. कॅमेऱ्याने वेगाचा सगळा पुरावा एकाच चित्रात गाडला, मग आज्ञावलीने रांग दिली यात तिचा काय दोष?

म्हणून आज त्याच कागदी शॉटला कॅमेऱ्याबरोबर फोटोमल्टिप्लायर नळ्या जोडल्या. त्या रंगांचा बारकावा देत नाहीत, पण मिलिसेकंदाच्याही आतले चढ-उतार टिपतात. कॅमेरा सांगेल कुठे, नळी सांगेल कधी. दोन्हींचा गोंगाट वेगळा, म्हणून दोन्हींचं वजन हिशोबात वेगळं धरलं.

पाच वाजत आले तेव्हा आलेख भरला. तिरकी पट्टी आखडून एक लहान ठिपका झाली होती. मी लपवलेलं उत्तर, डी १ आणि ओढ १, त्या ठिपक्यात बरोबर बसतं. गोंगाट दुप्पट करून पाहिला. ठिपका फुगला, जागा बदलली नाही. मात्र कडेच्या शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आज्ञावली अजून चाचपडते, कारण तिथे वायू नुकताच आत येत असतो आणि स्रोत व वाहतूक एकमेकांत मिसळलेले असतात. तिथलं काम उरलं.

संध्याकाळी ५.३०

आयेला बाजारात मदत. बोय लवकर संपले, चिंबोऱ्यांवर घासाघीस झाली.

संध्याकाळी ७.००

शेजारचा मुलगा बारावीला आहे. भौतिकशास्त्राच्या शंका घेऊन येतो आणि शेवटी हमखास विचारतो, ‘‘ताई, तुमची ती सूर्यासारखी वीज कधी येणार?’’

त्याला मी ट्रॉम्बेची गोष्ट सांगते. खाडीच्या तोंडाशी होडी गेली की पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते, भाभा अणुसंशोधन केंद्र तिच्या पायथ्याशी आहे. होमी भाभा १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते आणि त्यांनी तिथे भाकीत केलं की दोन दशकांत नियंत्रित अणुमीलनाची पद्धत सापडेल. त्याला सत्तर वर्षं झाली. मुलगा हसतो. मी म्हणते, हसू नकोस, मधल्या काळात काय काय झालं ते मोज. जेटने ऑक्टोबर २०२३ मध्ये एका शॉटमध्ये ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढली, इंधन होतं मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. फ्रान्सच्या वेस्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये टंगस्टनच्या यंत्रात प्लाझ्मा २२ मिनिटं टिकवला. बावीस मिनिटं म्हणजे अशुद्धी साचायला भरपूर वेळ, तरी साचली नाही, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. इटरला बाहेरून वेढणारा पोलादी क्रायोस्टॅटचे भाग आपल्या हजिऱ्यात बनले.

मग तो अचूक प्रश्न विचारतो, ‘‘भिंत नसतीच, तर अशुद्धी झाली नसती ना?’’ झाली असती. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम एक झाले की न्यूट्रॉन निघून जातो आणि हेलियम मागे राहतो. त्या हेलियमने आधी आपली ऊर्जा इंधनाला द्यायला हवी, त्याच जोरावर भट्टी जळत राहते. पण ऊर्जा देऊन झाल्यावर तो राख असतो आणि वेळेत बाहेर जायला हवा, नाहीतर इंधनाची जागा अडवतो. म्हणजे ज्याची इतकी वाट पाहायची त्या ज्वलनाचीच ही अशुद्धी. तिला थांबवायचं नसतं. आधी आत राहू द्यायचं, मग बाहेर काढायचं.

रात्री ९.००

जेवणानंतर उद्याच्या खऱ्या कामाची तयारी. आता निऑनच्या फायली हातात येतील, आणि निऑन तर मुद्दाम सोडलेलं असतं. ‘आदित्य-यू’वर असे प्रयोग झालेले आहेत, मोठ्या यंत्रांत नायट्रोजन, निऑन, आर्गॉन सगळे वापरतात. इटरमध्ये प्लाझ्माचा झोत ज्या टंगस्टनच्या तळावर पडणार तिथे दर चौरस मीटरला सुमारे १० मेगावॅट उष्णता झेलायची आहे. त्यापेक्षा फार जास्त झेपणार नाही. म्हणून कडेला थोडी अशुद्धी सोडायची, तिने ऊर्जा प्रकाशाच्या रूपात चहूकडे उधळायची, म्हणजे एका जागी झोत पडत नाही. कडेचं निऑन यंत्राला वाचवतं. तेच निऑन गाभ्यात गेलं तर इंधनाची जागा खातं.

एकच अणू, एकच गुणधर्म, आणि नुसत्या वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या फरकाने तो राखणदार की चोर हे ठरतं. अशुद्ध शब्दाला चिकटलेला दोष त्या अणूत नसतो, त्याच्या पत्त्यात असतो. या विषयात काम करताना मला पटलेली गोष्ट हीच. स्वच्छतेचा हट्ट एका मर्यादेपर्यंत कामाचा, त्यापुढे ज्याला यायचं आहे त्याची राहायची जागा ठरवणं महत्त्वाचं.

रात्री १०.००

रात्रीची गणितं लावली. या वेळी कागदी शॉटमध्ये निऑन आहे, आणि डी व व्ही सगळीकडे सारखे न धरता कडेला वेगळे, गाभ्यात वेगळे धरले आहेत. आज्ञावलीला ही सीमा कुठे आहे ते सांगितलेलं नाही, ती तिने शोधायची. वहीत उद्याची कामं लिहिली. पहिलं, कडेच्या तीन सेंटिमीटरमध्ये आत येणारा वायू आणि सरकणारा आयन वेगळे करायला एक स्वतंत्र मोजमाप लागेल, ते प्रयोग करणाऱ्यांकडून मागायचं. दुसरं, नळ्यांची संख्या कमी केली तर ठिपका कुठवर टिकतो ते पाहायचं, कारण खऱ्या यंत्राला खिडक्या मोजक्याच असतात. तिसरं, उद्या सप्तमी, भरती सव्वापाचला. बाबा पाऊण तास उशिरा निघतील, तेवढी झोप जास्त.